पाचवा रस्ता

९ जानेवारी

प्रिय खारुताई,

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकली असशील. मावशी गेली तेव्हा दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर आजच. घरी न पाठवता वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी आलं असतं तर तुझ्या आधी पिठ्याच्या हाती पडलं असतं, आणि पुढचं तुला माहीत आहे.

काम सांगतो. मी निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. जन्मभर नकाशे काढले, आता हाताला काम नाही म्हणून बोटं नुसती टेबलावर वाजत असतात. माझी धाकटी इथल्या एका सायकल मंडळात जाते. त्या पोरांना आपल्या नदीच्या खोऱ्यातल्या शांत रस्त्यांची पुस्तिका काढायची आहे. ट्रक अंगावर येत नाहीत, जुना पूल, बुरूज बघता येतो, कुठे टेकता येतं, असे रस्ते. धाकटी म्हणाली, "बाबा, तुम्ही तर तिथेच वाढलात." वाढलो खरा. बारा वर्षांचा असताना शिकायला तुझ्या आईकडे, मावशीकडे आलो, आणि पुढे शहरात नोकरी लागली तरी दर शनिवारी संध्याकाळी तुमच्या दारात हजर. का, तर रविवारी सायकली काढायच्या असत. तू, मी आणि चक्कीवाल्याचा पिठ्या. आधी तुला डबलसीट घ्यावं लागायचं. मग तू कैची मारत मागून यायला लागलीस, आणि एक दिवस आम्हा दोघांना मागे टाकून पुलावर जाऊन बसलीस. तुझा तो मिजाशीत पाय हलवत बसलेला अवतार अजून डोळ्यांपुढे आहे.

रस्ते सगळे आठवतात. पण चौतीस वर्षांत मी तिथे पाऊल ठेवलेलं नाही, आणि नुसत्या आठवणीवर भरवसा ठेवून परक्या पोरांना सायकलवर पाठवणं मला पटत नाही. म्हणून चार रस्ते ट्रेसिंग पेपरवर काढून पाठवतो. तू बघून चुका सांगशील? चालत जा, बसने जा, कशीही. नाही म्हणालीस तरी मला राग नाही.

सोबत पहिला आहे, पोस्टापासून जुन्या पुलापर्यंतचा.

तुझा
दादा


२४ जानेवारी

प्रिय दादा,

दचकले कसली, उठून वाचनालयाचं दारच लावून घेतलं. भर दुपारी! रोज वर्तमानपत्र वाचायला येणारे मास्तर बाहेर ताटकळत राहिले आणि मी आत तुझं पत्र तीनदा वाचलं.

घरचं तसंच आहे. पाणचक्की पाडली त्या वर्षापासून आमच्याकडे तुझं नाव निघत नाही. एखाद्या पाहुण्याने चुकून काढलंच, तर हे उठून मागच्या शेडमध्ये जातात आणि कशावर तरी हातोडी मारत बसतात. पाणीपुरवठ्याच्या पंपावरची नोकरी संपली, पण हातोडी काही सुटली नाही. माणूस वाईट नाही रे. तूच जमवून दिलंस, तुला काय सांगायचं. पण त्या एका गोष्टीपुरता दगड.

म्हणून त्यांना काही सांगितलं नाही. माझी जुनी सायकल शेडमध्ये टांगलेली होती ती काढली आणि डॉक्टरांनी गुडघ्यासाठी सांगितलंय अशी थाप मारली. हे म्हणाले, "या वयात?" मी म्हटलं, "वय तुमचं झालंय. माझं नाही." आणि ऐटीत निघाले ती पहिल्याच वळणावर वाण्याच्या दुकानासमोर आडवी. वाण्याने हात दिला आणि वर विचारलं, "ताई, कुठे निघालात?" सांगणार काय, खाली निघाले होते.

पण मग जमलं. दादा, तो रस्ता इतका रिकामा आहे की काय सांगू! आपल्या वेळी लाकडांच्या गाड्या, ट्रक, बस सगळं तिथूनच जायचं, धुळीने केस पांढरे होऊन घरी यायचो. आता सगळं महामार्गावरून जातं. इकडे चेनचा आवाज ऐकू येतो. स्वतःचा श्वास ऐकू येतो. पुराच्या खुणा कोरलेला दगड होता ना, तो आता उजव्या हाताला आहे, रस्ता सरकवलाय. तू डावीकडे दाखवलास. पुलाच्या पाच कमानींपैकी विटांची कमान दुसरी, तिसरी नव्हे. बाकी बरोबर.

पुलावर जाऊन बसले. पाय हलवले. कुणी बघत नव्हतं.

एक विचारू? आपण पाच रस्त्यांनी जायचो. तू चारच लिहिलेस. पाणचक्कीकडचा कुठे गेला?

तुझी
खारुताई


६ फेब्रुवारी

प्रिय खारुताई,

गुडघा फुटला नाही ना? तुझं पत्र वाचून मी एकटाच हसत होतो, धाकटी येऊन बघून गेली, बाबांना काय झालं म्हणून.

चार रस्ते पुरेत. पुस्तिका लहान आहे, सोळा पानांची.

दुसरा आणि तिसरा पाठवतोय. दुसऱ्यावर तुतीच्या झाडांची रांग आहे का अजून? तिथे आपली बोटं जांभळी व्हायची आणि मावशी म्हणायची, "खाल्लं किती आणि फासलं किती!" तिसरा बुरुजाचा. शेवटचा चढ आपण कधीच न उतरता चढलो नाही. पिठ्या सोडून. तो वर पोचून शिट्टी वाजवायचा, आणि तू त्याच्यावर जळायचीस. जळायचीस असं मला वाटायचं. ते जळणं नव्हतं हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. नकाशे काढणाऱ्याला समोरचं दिसत नाही ते असं.

तिसरा अवघड आहे. तू तो चढू नकोस, खालूनच बघ.

दादा


२७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

दोन्ही कागद परत पाठवतेय. तुती आहेत, रांगेतल्या अकरा उरल्या. एकीखाली सायकल टेकवून अर्धा तास नुसती बसले. त्या अर्ध्या तासात एक टपालवाला गेला आणि दोन बदकं. बस्स.

बुरुजाचा चढ सायकल ढकलत चढले. तू नको म्हणालास म्हणूनच. वर दार पडलंय, पण पायऱ्या शाबूत आहेत. वरून सगळं खोरं दिसतं. नदी तशीच, तीन वळणांची. आणि पलीकडे महामार्ग, सरळ, पट्टीने ओढल्यासारखा. वाईट वाटून घेऊ नकोस, सुचलं ते लिहिलं.

घरी एक गंमत झाली. सायकलचे ब्रेक कुणीतरी आवळलेत आणि चेनला तेल दिलंय. कुणीतरी म्हणजे कोण, घरात आम्ही दोघंच. मी पडले हे वाण्याने सांगितलेलं दिसतं. काळजी वाटली असेल, पण तोंडाने बोलतील तर शपथ.

तिसऱ्या कागदावर मी काहीच खूण केलेली नाही. मला तरी सगळं बरोबर वाटलं.

खारुताई


८ मार्च

प्रिय खारुताई,

तू लिहितेस की तिसऱ्या कागदावर काही खूण केली नाही. मग बुरुजाच्या चढापाशी पेन्सिलीने हे कुणी लिहिलंय? "आधी चढ, मग वळण. झोपेत काढलास काय?"

अक्षर तुझं नाही. त्या 'ळ'ला आडव्या आठासारखी गाठ आहे. वर्गात त्या 'ळ'वरून मास्तर रोज कान पिळायचे, माझ्या शेजारच्या बाकावर. मला 'पट्टी' म्हणायचा तोच.

मी तासभर तो कागद घेऊन बसलो होतो. त्याचंच बरोबर आहे, चूक माझी. आधी चढ आहे.

तू त्याला सांगितलंस का?

दादा


१५ मार्च

प्रिय दादा,

देवाशपथ नाही सांगितलं. तुझी पत्रं मी शिवणाच्या मशीनच्या खणात, दोऱ्यांच्या रिळांखाली ठेवत होते. तिथे हे कशाला हात घालतील? सुईत दोरा ओवता येत नाही त्यांना.

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवताना मी सहज विचारलं, "ब्रेक कुणी आवळले?"

"सैल होते."

"मी कुठे कुठे जाते, ठाऊक आहे तुम्हाला?"

"गुडघ्यासाठी जातेस ना?" असं म्हणून पाण्याचा पेला उचलला. पेल्याआडून चेहरा दिसेना. मग पेला ठेवून म्हणाले, "बुरुजाकडे जाताना पुढचा ब्रेक दाबू नकोस. मागचा दाब."

बुरुजाकडे मी गेले होते हे मी त्यांना सांगितलेलंच नव्हतं, दादा.

एवढंच बोलणं झालं. पण त्या संध्याकाळी शेडमधून हातोडीचा आवाज आला नाही.

आता मला एक सांग. चौतीस वर्षं मी एकच बाजू ऐकली. महामार्ग चक्कीवरून जाणार हे तुला आमच्या लग्नाआधी ठाऊक होतं, आणि हरकत घ्यायची मुदत संपेपर्यंत तू तोंड उघडलं नाहीस. मुदतीत अर्ज केला असता तर चक्की वाचली असती, असं हे म्हणतात. हे खरं का? आणि खरं असेल तर का, दादा? तू असा नव्हतास. मी त्यांच्या बाजूने राहिले कारण त्यांच्या घरात राहत होते. पण ते मला कधी पुरतं पटलं नाही.

पत्रं आता वाचनालयाच्या कपाटात कुलपात ठेवते. मोकळेपणी लिही.

खारुताई


२८ मार्च

प्रिय खारुताई,

तू विचारलंस म्हणून लिहितो. हे तुझ्यापाशीच राहू दे.

तुमच्या लग्नाला सहा आठवडे होते. महामार्गाची आखणी साहेबांनी पेन्सिलीने केली होती, ती शाईने पक्की करायला माझ्या टेबलावर आली. रेघ नदी ओलांडून सरळ जात होती आणि तिच्या वाटेत एक लहानसा चौकोन होता. शेजारी बारीक अक्षरात 'पाणचक्की'. तो शब्द मीच लिहिलेला, आदल्या वर्षीच्या पाहणीत. मी त्यावरून शाईची रेघ ओढली. हात हलला नाही. चांगला हात आहे म्हणून ऑफिसात माझं कौतुक व्हायचं.

त्या रविवारी आपण तिघं नेहमीसारखे गेलो. पुढच्याही रविवारी. पिठ्या पाट रुंद करायच्या, नवं जातं बसवायच्या गोष्टी करत होता, आणि मी हूं हूं करत होतो. चौथ्या आठवड्यात राहवेना. पण त्याच्याकडे जायची छाती झाली नाही. त्याच्या वडिलांकडे गेलो. ते चक्कीत एकटेच जात्याला टाकी लावत बसले होते. मी सगळं सांगितलं. रेघ कुठून जाते, हरकतीची मुदत कधी संपते, अर्ज कुठे द्यायचा, सगळं. त्यांनी छिन्नी खाली ठेवली.

"पोराला सांगितलंस?"

"नाही."

"मग नको सांगूस. लग्न होऊ दे. आत्ता कळलं तर तो सगळं सोडून कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत बसेल. मी ओळखतो त्याला. मग त्या पोरीने काय करायचं? आणि अर्जाने रस्ता वळतो होय? मी असे अर्ज पुष्कळ पाहिलेत. हसतोय तर हसू दे त्याला. पुढचं मी बघतो."

मी शब्द दिला. आणि खरं सांगू? शब्द देताना मला हायसं वाटलं. त्याच्या समोर उभं राहून सांगायचं संकट टळलं होतं. म्हातारबांच्या सांगण्याआड मी लपलो, हे त्यांच्या सांगण्याइतकंच खरं आहे. म्हणून मी स्वतःला निर्दोष समजत नाही.

पुढचं बघायला ते उरले नाहीत. दोन महिन्यांनी चक्की पडली आणि त्याच थंडीत ते गेले. मग एके दिवशी पिठ्या ऑफिसात आला. कुठूनतरी त्या नकाशाची प्रत मिळवली होती. कोपऱ्यात माझी सही आणि तारीख. तारखेवर बोट ठेवून त्याने विचारलं, "तुला ठाऊक होतं?" मी म्हटलं, "हो." त्याने प्रत घडी घालून खिशात ठेवली आणि निघून गेला. मी जिना उतरून मागे गेलो असतो तर गाठता आलं असतं. नाही गेलो.

तेव्हाच का नाही सांगितलं असं तू म्हणशील. नुकताच बाप गेलेल्या मुलाला काय सांगायचं, की तुझ्या बापानेच चक्की जाऊ दिली? त्याला तेवढाच एक आधार उरला होता. मी तर काय, दुसरा मित्र मिळतो.

नाही मिळाला, ती गोष्ट वेगळी.

हे त्याला सांगू नकोस. चौथा रस्ता सोबत आहे.

दादा


२० एप्रिल

प्रिय दादा,

तुझं पत्र मी मशीनच्या खणात ठेवलं. चुकून नाही, मुद्दाम. रिळांखाली नाही, वर. तुला राग येईल, येऊ दे. तुम्ही तिघा पुरुषांनी मिळून एकमेकांना जपण्यात चौतीस वर्षं घालवलीत. मला आता पुरे झालं.

आणि माझं काय ते आधी ऐक. "त्या पोरीने काय करायचं?" म्हणाले ना सासरे? त्या पोरीला कुणी विचारलं का? लग्न चार महिने पुढे गेलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? मी त्यांच्याबरोबर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या असत्या. सायकलवर नेलं असतं त्यांना. माझ्यासाठी म्हणून सगळं केलंत, आणि मलाच पत्ता नाही! पत्र वाचल्यावर मी वाचनालयातली पुस्तकं दोन तास झटकत होते. मास्तर म्हणाले, "ताई, आज धूळ फार दिसते." सासऱ्यांची माझ्यावर माया होती रे, म्हणून जास्त लागलं.

आता ह्यांचं. पत्र ठेवलं त्यानंतर दोन दिवस काहीच नाही. खणात हात लागलेला मला कळत होता, रिळं नीट लावून ठेवलेली असायची, मी तशी कधी लावत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर हे घरात नाहीत आणि त्यांची सायकलही नाही. अकरा वाजले, बारा वाजले. मी दारात. एक वाजता आले, पायांना चिखल. चक्कीच्या जागेवर गेले होते. त्या बाजूला हे कधी पाऊल टाकत नाहीत, पंपावर जायलासुद्धा लांबून फेरा घालायचे.

हातपाय धुतले, ओट्यावर बसले. म्हणाले, "बाबांना मुदत ठाऊक होती."

मी म्हटलं, "हो."

"लग्नाच्या दिवशी सकाळी मला विचारत होते, बुटांना पॉलिश केलंस का. खाली बसून स्वतः करून दिलं. सगळं ठाऊक असून."

मग रडले. दादा, सासरे गेले तेव्हा मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसून राहिले. मलाही सासऱ्यांवर ओरडायचं होतं, पण त्या वेळी नाही ओरडले.

त्यानंतर आठ दिवस तसेच गेले. काल सासऱ्यांचा फोटो भिंतीवरून काढला. काच पुसली, बराच वेळ हातात धरला आणि परत लावला.

पुढे काय ते मला ठाऊक नाही. तू काही लिहू नकोस अजून. थांब.

खारुताई


२ मे

पट्टी,

पत्र लिहायची सवय नाही. पंपावर नोंदवही भरायचो, वेळ आणि पाण्याचा दाब. तेवढंच येतं.

तुझे चारही कागद पाहिले. चौथ्यात दोन चुका आहेत, दुरुस्त करून ठेवल्यात. पण पाचवा रस्ता कुठे आहे? तू तो का गाळलास ते मला कळतं. गाळू नकोस. त्या खोऱ्यातला सगळ्यात चांगला रस्ता तो होता, आणि तू तो काढला नाहीस तर कुणाला कळणार नाही की तिकडे काही होतं.

लिहून घे. पोस्टापासून डावीकडे. दोन किलोमीटर पाटाच्या कडेने, सपाट. मग महामार्गाखालची मोरी. तिथे पाणी साठतं, सायकल उचलून न्यायची. मी नेली. पलीकडे चक्कीची जागा. पाटाचे दगड आहेत, बाकी काही नाही. पुढे एक किलोमीटर नदीकाठ, सावली.

तुझं पत्र मी वाचलं. परक्याचं पत्र वाचू नये हे ठाऊक आहे. पहिलंही वाचलं होतं, ही पहिल्यांदा सायकल घेऊन गेली त्याच दिवशी, मशीनच्या खणातून काढून. ही स्वतःहून सायकल काढते म्हटल्यावर मला संशय आलाच होता, हिचे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत.

चौतीस वर्षं तुझ्यावर चिडून काढली. ते सोपं होतं. तू लांब होतास आणि उत्तर देत नव्हतास. बाबांवर कसं चिडायचं ते अजून जमत नाही. प्रयत्न करतोय.

तू मला सांगायला हवं होतंस. हे माझं मत होतं आणि आहे. मला न सांगता त्यांना सांगितलंस, तेव्हाच तू अर्धं काम केलंस. पण अर्धं केलं होतंस, हे मला ठाऊक नव्हतं.

माफी वगैरे मला लिहिता येणार नाही. तू मागायलाही नको. जूनच्या पहिल्या आठवड्यात ये. सायकल इथे आहे, तुझ्या उंचीला सीट लावलंय. वाकला असशील तर खाली घेऊ.


१९ जून

प्रिय खारुताई आणि पिठ्या,

सुखरूप पोचून आठवडा झाला, प्रूफसाठी थांबलो होतो. यंदा पहिल्यांदाच घरच्या पत्त्यावर लिहितोय. घराचा नंबर अजून पाठ होता.

तिथे बोलायला जमलं नाही ते लिहितो. बसमधून उतरलो तेव्हा पिठ्या, तू मला भेटायच्या आधी माझ्या पिशवीचा बंद तपासलास आणि म्हणालास, "तुटणार हा." मी सहा तास प्रवासात वाक्यं जुळवत आलो होतो. ती सगळी विसरलो. बरंच झालं.

मोरीतून सायकली उचलून नेताना आपली तिघांची काय तारांबळ उडाली! दोघा म्हाताऱ्यांना दम लागला आणि खारुताई पलीकडे पोचून कमरेवर हात ठेवून उभी. मग ती जागा. मी मान वर करायला तयार नव्हतो. डोक्यावरून ट्रक जात होते, एकामागून एक, पुलाचे सांधे धाडधाड वाजत होते. तू बराच वेळ वर बघत होतास. मग म्हणालास, "हे सगळं आपल्या रस्त्याने गेलं असतं. हिला सायकल चालवता आली नसती." आणि मग म्हणालास, "तरी चक्की हवी होती."

मला वाटतं, मी चौतीस वर्षांत ऐकलेलं सगळ्यात खरं बोलणं तेच. हवीच होती, पिठ्या. मला तिचा आवाज आठवतो, आणि तुझ्या वडिलांच्या पापण्यांवरचं पीठ.

आता कामाचं. पाचवा रस्ता काढला. पुस्तिकेचं प्रूफ सोबत आहे. पाचव्याच्या मजकुरात मी हे घातलंय: "महामार्गाखालची मोरी ओलांडली की पाटाचे घडीव दगड दिसतात. इथे दोनशे वर्षं चाललेली पाणचक्की होती. महामार्गासाठी ती पाडली. तो महामार्ग नकाशावर शाईने आखणारा माणूस आणि या पुस्तिकेतले नकाशे काढणारा माणूस एकच आहे. त्याने ही गोष्ट वेळेवर सांगितली नाही."

धाकटीने वाचून विचारलं, "बाबा, सायकलवाल्यांना याचं काय?" मी म्हटलं, त्यांना काही नसेल, पण त्या दगडांवर बसून ते पाणी पितील, तर कुणाच्या घरी बसलोय हे कळलेलं बरं. मंडळाची पोरं काढू नका म्हणाली.

तुम्ही दोघं वाचा. नको असेल तर कापतो.

दादा


२७ जून

पट्टी,

प्रूफ मिळालं. दोघांनी वाचलं. ही वाचनालयात लावणार आहे, मास्तरांना आधीच सांगून बसली आहे.

सुधारणा. पहिल्या रस्त्यावर पुलाजवळचा नळ बंद आहे, काढून टाक. मोरीत पाणी साठतं हे ठळक छाप, नाहीतर कुणीतरी घसरेल.

पाचव्याचा मजकूर कापू नकोस. पण खोटा आहे तो. अर्धाच लिहिलास, परत एकदा. "वेळेवर सांगितली नाही" याच्या पुढे हे घाल: "मुलाला सांगितली नाही. पण मुदत संपायच्या आधी त्याने चक्कीत जाऊन चक्कीवाल्याला सगळं सांगितलं होतं. चक्कीवाल्याने मुलाच्या लग्नासाठी चक्की सोडली."

ही म्हणते, "आणि सुनेला कुणी विचारलं नाही," हेही घाल. घाल.

जागा कमी पडली तर चौथ्यातलं काहीतरी उडव, त्यात तू उगाच फुलं मोजली आहेस. आणि खाली लिही की ही ओळ चक्कीवाल्याच्या मुलाने दिली.

पिठ्या